सर्वांचा कोश

कोशवाङ्मय मराठीला नवे नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा उद्योग आरंभिला तो आमच्या विदर्भात, नागपुरास. पुढे तो पुण्यास गेला आणि त्याचे २३ खंड झाले. नंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईस मराठी विश्वकोशाचा पाया घातला. त्याच वाईच्या प्राज्ञ पाठशाळेत आमच्या पवनारचे विनोबाही काही काळ शिकले होते. या कोशांत चुका नसतीलच असे नाही. परंतु चूक कोणाच्या पदरात घालावी हे वाचकास ठाऊक असे.

विकिपीडियाची तऱ्हा निराळी. इंग्रजीत तो २००१ साली व मराठीत २००३ साली सुरू झाला. येथे लिहिणारा कोणीही आणि दुरुस्त करणाराही कोणीही. साहजिकच त्याला नाके मुरडणारे पुष्कळ. पण २००५ साली ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकाने ४२ विषयांवरील नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या, तेव्हा विकिपीडियात नोंदीमागे सरासरी चार, तर ब्रिटानिकात तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने ही तपासणी मान्य केली नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी पंडितांनी भाकीत केले होते तेवढा अनर्थ झाला नाही, हे खरे.

मात्र इंग्रजीचे प्रशस्तिपत्र मराठीने आपल्या भिंतीवर टांगू नये. तेथे एकेका नोंदीवर शेकडो डोळे असतात. चूक फार काळ लपत नाही. मराठीत डोळे थोडे. आपल्याकडील कित्येक खेड्यांच्या नोंदी उघडून पाहाव्या: हवामानाची तीच ती वाक्ये, पुढे ‘लोकजीवन’ असे शीर्षक, आणि त्याखाली काहीच नाही. जणू त्या गावात माणसे राहतच नाहीत! चुकीपेक्षा हा रितेपणा मला अधिक जाचतो. कारण खेड्यातल्या मुलाजवळ ग्रंथालय नसले तरी आज घरात फोन असतो. आणि फोनमध्ये जे नाही ते जगातच नाही, असे त्याला वाटू लागते.

मग या कोशावर विसंबावे की नाही? विहिरीचे पाणी आपण गाळून पितो. गाळण्याचा कंटाळा म्हणून विहीर बुजवीत नाही. नोंद वाचावी, खालचे संदर्भ पाहावे, आणि विश्वकोशाशी ताडून घ्यावी. तोही आता संगणकावर विनामूल्य मिळतो. नोंद जशीच्या तशी वहीत उतरविणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र ज्ञान मिळविले असे होत नाही. त्याने केवळ शाई खर्च केली.

केतकरांना आपल्या कोशासाठी वर्गणीदार शोधीत हिंडावे लागले. या कोशाला वर्गणी नको, लेखक हवेत. दिवाळीच्या सुटीत घरोघरी एकाने जरी आपल्या गावाची नोंद हाती घेतली, जुने गॅझेटियर चाळून चार ओळी साधार लिहिल्या, तरी ती रिती शीर्षके भरू लागतील. तेथे ऐकीव गोष्ट चालत नाही, हे चांगलेच आहे. त्या दारात पदवी विचारणारा कोणी नाही. पुरावा विचारणारा आहे. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराला एवढा न्याय पुरेसा वाटतो.