संस्थापक कोण?

मंडळ म्हटलं की ‘संस्थापक कोण?’ हा वाद आलाच. गणेशोत्सव मंडळ जितकं जुनं, तितके त्याचे संस्थापक वर्षागणिक वाढत जातात. पण ज्या मंडळाचे सभासदच मुळी कुणाच्या तरी डोक्यातून निघालेत, त्याच्या संस्थापकांची नोंद करताना संपादकाची काय त्रेधा उडते, हे पाहायचं असेल तर इंग्रजी विकिपीडियातले सुपरहिरोंच्या टोळ्यांवरचे लेख वाचावेत.

‘ॲव्हेंजर्स’च घ्या. १९६३ साली मार्व्हल कॉमिक्सने हे मंडळ काढलं तेव्हा सभासद पाच : आयर्न मॅन, थॉर, हल्क, अँट-मॅन आणि वास्प. दुसऱ्याच अंकात हल्क रुसून चालता झाला. चौथ्या अंकात बर्फात गोठलेला कॅप्टन अमेरिका सापडला आणि पुढे कथेतच त्याला हल्कच्या जागी संस्थापकाचा मान देण्यात आला. आता यादी लिहिणाऱ्याने करावं काय?

‘जस्टिस लीग’ची तऱ्हा त्याहून न्यारी. १९६० साली संस्थापकांत वंडर वूमन होती. १९८५-८६ मध्ये डीसी कंपनीने आपली सगळी विश्वं मोडून एकच बांधलं आणि तिच्या खुर्चीवर ब्लॅक कॅनरी बसली. २००६ साली पुन्हा वंडर वूमन! आपल्याला दाखल्यावरचं नाव बदलायचं तर राजपत्र लागतं. इथे विश्व मोडलं की काम भागतं.

मरणाचंही तेच. एक्स-मेनमधली जीन ग्रे १९८० साली वारली. १९८६ मध्ये उलगडा झाला की वारली ती दुसरीच, ही आपली खाडीच्या तळाशी कोशात सुखरूप! आपल्याकडे चिरंजीव मोजून सात. तिकडे सातांत एका टोळीचा कोरम भरेल की नाही, शंकाच आहे.

विकिपीडियाचा नियम मात्र शहाणा आहे. कथानक वर्तमानकाळात सांगा (म्हणजे जीन ‘मरते’ आणि ‘परत येते’, अगदी कीर्तनकाराच्या थाटात) आणि लेख कथेच्या बाहेर उभं राहून लिहा. पण भक्त गाभाऱ्यात शिरला की त्याला बाहेर काढणं कठीण! मग ‘अमुक वीर मंडळात दाखल झाला, तमुकाने राजीनामा दिला’ असं पानामागून पान, थेट गॅझेटियरच्या गांभीर्याने. ही मेहनत फुकटची, बिनपगारी, आणि मला तिचं कौतुकच आहे. तक्रार आहे ती तिच्या दिशेबद्दल.

कारण संस्थापकाचा खरा वाद कथेबाहेरच आहे. ॲव्हेंजर्स आणि एक्स-मेन, दोन्ही १९६३ सालचे, दोन्ही लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांचे. त्यात कुणाचं डोकं किती, यावर आयुष्यभर वाद झाला. स्वतः काढलेली मूळ पानं परत मिळावीत म्हणून कर्बीला ऐंशीच्या दशकात झगडावं लागलं. १९८७ साली हजारो पानांपैकी थोडीच हाती आली. १९९४ साली तो गेला. तो काही परत आला नाही. वारसांचा मार्व्हलशी समझोता झाला तो २०१४ साली.

आणि अशा लेखाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत या सगळ्याला जागा किती? ‘निर्माते’ या शब्दापुढे दोन नावं. सभासदांची यादी मात्र मूळ लेखात मावेना, म्हणून तिचा वेगळा लेख करावा लागलाय.