‘सचिन इथंच घडला’ : एका युक्तिवादाची तपासणी

आता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हमखास ऐकू येणारा युक्तिवाद घेऊ : ‘सचिन इथंच घडला, म्हणून पोराला इथंच घाला.’ पहिलं विधान खरं आहे. आचरेकर सरांनी त्याला इथंच शिकवलं. पण निष्कर्ष त्यातून निघतो का?

आपण फक्त पोचलेले मोजतो : सचिन, कांबळी, आमरे. त्याच नेटमध्ये, त्याच उन्हात घाम गाळून जे पोचले नाहीत, ते हिशेबात येतच नाहीत. नुसत्या अंशावरून अपूर्णांक कसा सांगणार? छेदही हवा ना! शिवाय पार्क पोरं घडवतं, की मुळात तयारीची पोरं पार्ककडे येतात? सचिन वांद्र्याचा. शाळा बदलून शारदाश्रममध्ये आला, पार्कजवळ काका-काकूंकडे राहिला. यात मैदानाचा वाटा किती, घरच्यांचा किती?

यावर उत्तर येतं : ‘जो पोचला नाही, त्यानं मेहनतच केली नाही.’ बघा हं, यश आलं तर श्रेय पार्कचं, अपयश आलं तर दोष पोराचा. असा युक्तिवाद कधीच हरत नाही. हरतं ते पोर.

पोराला जरूर खेळायला पाठवू. पण त्यासाठी शाळा सोडवायची असेल, तर आधी न पोचलेल्यांनाही विचारू या.