मृतांची सोबत आणि विजयाचा आग्रह : ‘शामन किंग’ या जपानी ॲनिमे मालिकेचा विचार

जपानी चित्रकथा म्हणजे ‘मांगा’ आणि तिच्यावर बेतलेली ‘ॲनिमे’ मालिका यांच्याकडे आपल्याकडे बहुधा बालरंजनाचा एक प्रकार म्हणूनच पाहिले जाते. आपल्या वर्गातील विद्यार्थी मात्र या मालिका गांभीर्याने पाहतात आणि त्यांतील पात्रांविषयी तावातावाने वाद घालतात. त्यामुळे या कलाप्रकाराची दखल घेणे साहित्याच्या अध्यापकास आता टाळता येण्यासारखे राहिलेले नाही. हिरोयुकी ताकेई यांची ‘शामन किंग’ ही मांगा १९९८ ते २००४ या काळात ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यावर दोन मालिका निघाल्या. पहिली सेइजी मिझुशिमा यांनी दिग्दर्शित केलेली, २००१-०२ मधील ६४ भागांची. दुसरी जोजी फुरुता यांची, २०२१-२२ मधील ५२ भागांची. प्रस्तुत लेखात या दोन्ही मालिकांचा विचार एकाच प्रश्नाच्या अनुषंगाने केला आहे. मृतात्मा हे लढवय्याचे शस्त्र आहे की त्याचा सोबती?

कथानकाचा सांगाडा साधा आहे. दर पाचशे वर्षांनी जगभरातील शामन एकत्र येऊन लढतात आणि विजेता ‘महान आत्म्या’शी एकरूप होऊन शामनांचा राजा होतो. तेरा वर्षांचा योह आसाकुरा या लढ्यात उतरतो तो राज्य हवे म्हणून नव्हे, तर निवांत आयुष्य जगता यावे म्हणून. कानावर हेडफोन, चेहऱ्यावर सुस्ती आणि ‘होईल काहीतरी’ हे पालुपद. मैत्री, परिश्रम आणि विजय ही ‘जंप’ साप्ताहिकाची प्रसिद्ध त्रिसूत्री लक्षात घेतली, तर असा आळशी नायक तिथे उभा करणे हीच एक टीका आहे, असे म्हणावे लागते.

या मालिकेतील युद्धकलेचा पाया ‘ह्योई’ म्हणजे ‘अंगात येणे’ हा आहे. मिर्चा एलियाद यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शामनविषयक ग्रंथात शामनाच्या समाधीला, त्याच्या आत्म्याने देहाबाहेर केलेल्या प्रवासाला, मध्यवर्ती स्थान दिले होते. ताकेई यांचा शामन कुठे जात नाही. तो आपल्या देहात दुसऱ्याला जागा करून देतो. आपल्याकडील ‘झाड’ किंवा ‘वारे’ या शब्दांशी परिचित असलेल्या वाचकाला हा भेद वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. प्रश्न एवढाच उरतो की, ही जागा कोणत्या नात्याने दिली जाते.

आरंभीच्या भागांत या प्रश्नाचे उत्तर फार सुंदर रीतीने दिलेले आहे. अमिदामारू हा सहाशे वर्षांपूर्वीचा सामुराई. त्याचा जिवलग मित्र मोसुके याने ‘हारुसामे’ ही तलवार घडवली. याहून सरस तलवार दुसऱ्या कुणासाठी घडू नये म्हणून धन्याने त्या कारागिराचाच जीव घेण्याचे ठरवले. दोघा मित्रांची भेट व्हायची ती राहूनच गेली आणि अमिदामारू सहा शतके वाट पाहत राहिला. योह त्याला जिंकत नाही, मंत्राने बांधतही नाही. तो मोसुकेच्या आत्म्याला स्वतःच्या देहात घेऊन तलवार दुरुस्त करवतो आणि दोघांची भेट घडवतो. त्यानंतर अमिदामारूला मुक्त होता आले असते. तो योहसोबत राहतो. येथे शस्त्र आहे, पण ते आधी एका राहून गेलेल्या भेटीची खूण आहे.

याच्या विरुद्ध टोकाला चीनमधील ताओ घराणे उभे आहे. ताओ जुन हिच्या ताब्यातील ली पाइलाँग हा पूर्वीचा कुंग फू चित्रपटांचा नायक. ब्रूस ली यांची छाया त्याच्यावर उघड आहे. ताओ घराण्याने त्याचा खून करून त्याचे चालते प्रेत बनवले आहे आणि कपाळावरच्या मंत्रांकित चिठ्ठीने त्याला नाचवले जाते. चिठ्ठी निघते तेव्हा आपण मेलो आहोत हे त्याला कळते आणि तो बेभान होतो. त्याला थांबवण्यासाठी आन्ना त्याच्या मृत गुरूला बोलावते. तो गुरू योहच्या देहातून शिष्याशी लढतो. युद्धकलेवरील मालिकांत गुरुशिष्यांची झुंज नवीन नाही, परंतु येथे दोघेही मृत आहेत आणि प्रत्येक प्रहार हा जणू संवाद आहे. पाइलाँग शांत होतो आणि मग स्वेच्छेने जुनजवळ राहतो. देहावरची सत्ता आणि देहातील सोबत हा फरक कोणत्याही भाषणाविना सांगणारे इतके समर्थ प्रसंग या प्रकारात विरळाच.

मात्र स्पर्धा सुरू झाली की मालिकेचा तोल ढळतो. आत्मशक्ती, म्हणजे ‘फुर्योकू’, आकड्यांत मोजली जाऊ लागते. मृत्यू येतो आणि परततो. इतकेच नव्हे, तर मरून परत आलेल्याची शक्ती वाढते. मृतांविषयीच्या आदरावर उभ्या असलेल्या कथेत मरण हा गुण वाढवण्याचा उपाय ठरावा, ही विसंगती गंभीर आहे. स्पर्धेच्या साच्याने आशयावर केलेली ही कुरघोडी आहे. २०२१ ची मालिका मूळ कथेशी एकनिष्ठ असल्याने हा दोष तिच्यात अधिकच ठळक होतो.

तरीही या कथेचा खरा गाभा ओसोरेझान येथे आहे. आओमोरी प्रांतातील हा पर्वत मृतांचे स्थान मानला जातो. तेथे जुलैमधील उत्सवात ‘इताको’ म्हणजे अंध स्त्रिया मृतांना बोलते करीत आल्या. आता त्यांची संख्या अगदी थोडी राहिली आहे. आन्नाचे आडनाव क्योयामा ज्या चिन्हांनी लिहितात, त्याच चिन्हांनी ओसोरेझानही लिहिले जाते. तिला माणसांच्या मनातले ऐकू येते आणि त्या असह्य द्वेषातून राक्षस जन्म घेतात. हजार वर्षांपूर्वीच्या मातामुने या मांजराचा आत्मा तिच्या मुक्तीसाठी स्वतःचे अस्तित्व वेचतो. खलनायक हाओ यालाही नेमकी हीच व्यथा आहे. आत्मे पाहणाऱ्या त्याच्या आईला जाळून मारण्यात आले. पुढे माणसांच्या मनातले ऐकत तो एकटा वाढला आणि मानवजातीच्या संहाराचे व्रत घेऊन पुनःपुन्हा जन्मला. आन्ना आणि हाओ यांची जखम एकच. तिला वेळेवर सोबत मिळाली, त्याला मिळाली नाही.

२००१ च्या मालिकेत हा ओसोरेझानचा भाग नाही. ती सुरू असताना मांगा पूर्ण व्हायची होती, म्हणून तिने उत्तरार्ध स्वतंत्र रचला आणि शेवटी योह हाओला तलवारीने हरवतो. हा शेवट नीटस आहे, पण तो ‘जंप’च्या त्रिसूत्रीचा आहे. मांगा स्वतःही २००४ मध्ये अर्ध्यावर थांबली. बत्तिसाव्या खंडाच्या अखेरीस ताकेई यांनी एक संत्रे रेखाटले, कारण जपानीत ‘मिकान’ म्हणजे संत्रे आणि ‘मिकान’ म्हणजेच अपूर्ण. खरा शेवट २००८-०९ च्या २७ खंडांच्या आवृत्तीत आला. त्यात हाओच राजा होतो. नायकांना त्याला हरवता येत नाही. आन्ना त्याच्या आईचा आत्मा त्याच्यासमोर आणते आणि तो संहार लांबणीवर टाकतो. स्पर्धेच्या कथेत स्पर्धा हरून मुद्दा राखणे हे मोठे धाडस होते. २०२१ च्या मालिकेने हा शेवट जपला, परंतु ३५ खंडांचा ऐवज ५२ भागांत कोंबताना वाट पाहण्याचा काळच उरला नाही. अमिदामारूची सहाशे वर्षे तिथे काही मिनिटांत उरकतात. आईच्या भेटीचा परिणामही त्यामुळे उणावतो.

एक मुद्दा येथे टाळता येत नाही. होरोहोरो हा आयनू समाजातील मुलगा; कोरोपोक्कुरू या लहानग्या लोकांसाठी ‘फुकी’ वनस्पतीचे विस्तीर्ण शेत करण्याचे त्याचे स्वप्न आहे. आयनू हे मूलनिवासी आहेत असा ठराव जपानी संसदेने २००८ मध्ये केला. त्याआधीच एका लोकप्रिय साप्ताहिकात हे पात्र वावरत होते, ही गोष्ट लहान नव्हे. त्याच ताकेई यांनी चोकोलाव्ह या कृष्णवर्णीय पात्राचे ओठ मात्र जुन्या विडंबनचित्रांच्या धाटणीने काढले. नव्या मालिकेत ते रेखाटन सौम्य झाले आहे. अमेरिकेतील पॅच जमात तर सर्वस्वी कल्पित असून, तिच्याकडे स्पर्धेच्या आयोजकाखेरीज फारशी भूमिका नाही. मृतांना माणूस म्हणून पाहणारी ही कथा सर्व जिवंतांना तसे पाहत नाही.

वर्गात ही मालिका वापरू इच्छिणाऱ्या अध्यापकाने पहिली वीसेक प्रकरणे २००१ च्या मालिकेतून दाखवावीत, कारण तिचा संथपणा आशयाला पोषक आहे; त्यानंतर ओसोरेझान आणि शेवट २०२१ च्या मालिकेतून. या दोहोंच्या मधले स्पर्धेचे भाग वगळले तरी फारसे बिघडत नाही, आणि विद्यार्थी नेमके तेच भाग आधी पाहून आलेले असतात.