त्रैराशिक आणि फोडणी

दिवाळी अंक घरात आला की आमच्याकडे त्याची वाटणी ठरलेली असे. लेख आणि कथा वडिलांच्या, व्यंगचित्रे आम्हा मुलांची, आणि शेवटची पाककृतींची पाने आईची. ती पाने साहित्य म्हणून कोणी वाचली नाहीत, मग त्यांच्यावर टीकालेख लिहिण्याचे कोणाच्या मनात येणार? वास्तविक या दोघांचे वय जवळजवळ सारखे आहे. ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ सालचा आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ हे एक हजार पाकक्रियांचे पुस्तक १९१० सालचे. पण एकाचा इतिहास लिहिला गेला, आणि दुसऱ्याच्या पानांवर तेलाचे डाग पडले.

मी या पुस्तकांकडे वळलो तो मात्र टीकाकार म्हणून वळलो नाही; भुकेने वळलो. नोकरीच्या गावी एकटा राहू लागलो तेव्हा आठवडाभर खानावळीचा आधार होता. परंतु आपल्याकडच्या खानावळींचा एक जुना रिवाज वाचकांना ठाऊक असेलच. रविवारी दुपारी गोडाचे जेवण आणि संध्याकाळी सुट्टी! शनिवारची शाळा सकाळची, त्यामुळे शनिवार दुपारपासून वेळ भरपूर आणि रविवारी रात्री पोट रिकामे. पहिले काही रविवार केळी आणि चहा-बिस्किटांवर काढले. मग एक शेगडी, एक कुकर, आईने दिलेली एक मोठी कढई आणि एक पाकपुस्तक एवढा संसार मांडला.

पुस्तक उघडले आणि पहिल्याच ओळीवर अडलो. ‘चार माणसांसाठी’ असे तिथे लिहिले होते. पण शिक्षकाला भागाकाराचे काय भय? मी त्रैराशिक मांडले आणि आमटीचे सारे साहित्य चाराने भागले. डाळ पाव वाटी, तेल अर्धा चमचा, मोहरी चिमूटभर, पाणीही त्याच हिशेबाने. कढईच्या तळाशी ते अर्धा चमचा तेल असे पसरले की पुसून काढल्यासारखे दिसू लागले. मोहरी तडतडण्याआधी करपली, हिंग काळा पडला, आणि पाणी तर मी मीठ शोधीपर्यंत आटून गेले. गणित बरोबर आले होते. आमटी चुकली होती.

पुढे बऱ्याच रविवारांनंतर उमगले ते असे. स्वयंपाकातल्या काही वस्तू माणसांच्या संख्येने भागल्या जातात, काही जात नाहीत. डाळ, तांदूळ, भाजी या भागता येतात. फोडणी भागता येत नाही. मोहरी बुडेल एवढे तेल तिला लागतेच, मग जेवणारा एक असो की चार. म्हणून एकट्याने कढई बाजूला ठेवून लोखंडी पळीत फोडणी करावी. आणि पाणी किती आटणार हे भांड्याचे तोंड, आच आणि वेळ ठरवतात. ताटे किती मांडली आहेत याच्याशी त्याला कर्तव्य नाही. माझ्याजवळच्या पुस्तकात हे कुठेही नव्हते. असण्याचे कारणही नव्हते, कारण ते माझ्यासाठी लिहिलेलेच नव्हते.

येथून माझ्या टीकेला आरंभ होतो. आपल्या पाकपुस्तकांची नुसती नावे पाहिली तरी एक वाट दिसते. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी ‘सूपशास्त्र’ लिहिले. तिथे स्वयंपाक हे शास्त्र आहे. लक्ष्मीबाईंकडे पुस्तक गृहिणीचे मित्र झाले. आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने रुचीलाच नावात मान दिला. त्यातही ओगल्यांनी केलेले काम मला फार मोठे वाटते. पिढ्यान्‌पिढ्या सासूच्या हातात असलेला ‘अंदाज’ त्यांनी वाटी-चमच्यात उतरवला. जो अंदाज मिळवायला एका घरात वर्षानुवर्षे राहावे लागत असे, तो पुस्तकाच्या किमतीत मिळू लागला. लग्नाच्या आहेरात आणि परदेशी निघालेल्या मुलांच्या सामानात ते पुस्तक जाऊन बसले ते काही उगीच नव्हे.

तरीही ती वाटी घराची वाटी आहे. शास्त्र, मित्र, रुची या तिन्ही पायऱ्यांवर जेवणारे घर गृहीत धरलेले आहे. आज पुस्तकाच्या जागी फोनवर हलती चित्रे आली; तिथेही हसतमुख बाई कढईभर भाजी परतते आणि ‘घरच्यांना नक्की आवडेल’ असे सांगते. ज्याच्या घरी ‘घरचे’ नाहीत त्याने काय करावे?

ललित वाङ्मयाकडे वळावे तर तिथे निराळीच गंमत आहे. आपल्या लेखकांनी खाण्यावर मनापासून लिहिले. पु. ल. देशपांड्यांचा ‘माझे खाद्यजीवन’ वाचताना कोणाच्या तोंडाला पाणी सुटले नाही? पण त्यात बोलतो तो खाणारा. एकट्याने रांधणारा माणूस आपल्या विनोदाला करपलेल्या पोळीपुरता लागतो आणि करुण कथेला विधुरापुरता. त्याला साधे जेवण नीट करता येते आणि तो ते चवीने खातो, एवढी गोष्ट लिहावी असे फारसे कोणाला वाटलेले नाही. मीही माझ्या कादंबऱ्यांत अनेक एकटी माणसे आणली आणि सगळ्यांना खानावळीत जेवू घातले. ही कबुली येथे देणे भाग आहे.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तले ‘अळणी भाजी’ हे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचावे. भाजीत मीठ नाही हे वडिलांना कळते, पण रांधणारीला वाईट वाटू नये म्हणून ते काही न बोलता जेवतात. मुलेही तसेच करतात. आई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिला कळते. वडिलांच्या थोरपणाने आपले डोळे पाणावतात ते योग्यच आहे. मला आता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जिने रांधले तिलाच चव सर्वांच्या शेवटी कळते. आपल्या स्वयंपाकाची साऱ्या घरादाराने घेतलेली परीक्षा संपल्यावर ती पानावर बसते. एकट्याच्या स्वयंपाकात रांधणारा, वाढणारा आणि जेवणारा एकच. अळणी भाजी त्याच्यापासून लपवायला कोणी नाही. यात दुःख आहे, पण शिक्षणही आहे. आपल्याला मीठ किती लागते हे मला चाळिशीत कळले.

याच्या विरुद्ध मोठा आक्षेप आहे आणि तो गीतेचा आहे. जे केवळ स्वतःसाठी शिजवतात ते पाप खातात, असे तिसऱ्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. त्या वचनाचा रोख मला असा वाटतो: भुकेला दाराशी असताना जो दार लावून खातो, त्याच्यावर तो आहे. ज्याच्या दाराशी कोणी नाही त्याने कोणाचा घास काढून घेतला? पण आपण त्या वचनाचा अर्थ भलताच मुरवून घेतला आहे. एकट्यासाठी रांधणे म्हणजे चैन, किंवा नसता खटाटोप. आणि हा अर्थ पुरुषांपेक्षा बायकांच्या अंगात फार खोल मुरला आहे.

हे मला आईने दाखवले, तेही नकळत. वडील गेल्यावर ती गावाकडच्या घरी एकटीच राहते. रविवारी शेगडीपाशी उभा राहून मी तिला फोन करी आणि विचारी, “आई, मीठ किती घालू?” ती म्हणे, “बेतानं घाल.” एकदा पिठल्याच्या वेळी मी विचारले, “एकट्याला बेसन किती गं?” पलीकडून उत्तरच येईना. मग ती म्हणाली, “एकट्याचं मला नाही रे सांगता येत. मी कधी केलंच नाही.”

“मग तू काय जेवलीस आज?”

“सकाळची पोळी होती. दुधात कुस्करली. एकटीसाठी काय करायचं?”

पन्नास वर्षे जिने पंक्ती उठवल्या, जिच्या अंदाजाला गावात मान, तिच्याजवळ एका माणसाचे माप नव्हते. हे अज्ञान खास. पण ते तिचे एकटीचे नव्हे. आपल्या पाकशास्त्राने, वाङ्मयाने आणि रूढीने मिळून ते तिला दिलेले आहे. असे एकटे स्वयंपाकघर आज गावोगावी आहे. मुले शहरात, आई गावात, आणि दोन्हीकडे रात्री दूध-पोळी.

म्हणून संपादकांना माझी सूचना आहे. चकली-अनारशांच्या पानांत एक पान ‘एका माणसासाठी’ असे असावे. तोवर माझ्या वहीतले पिठले घ्या: पाव वाटी बेसन एक वाटी पाण्यात गुठळी राहणार नाही असे कालवावे, पळीत दोन चमचे तेलाची मोहरी, हिंग, हळद, मिरची, लसूण घालून फोडणी करावी, ती लहान पातेल्यात ओतून वर कालवलेले पीठ आणि मीठ घालावे, आणि ढवळत राहून मंद आचेवर झाकणाखाली वाफ आणावी. ताट मांडूनच जेवावे.

हे माप मी आईला कळवले. पुढच्या रविवारी तिचाच फोन आला.

“केलं होतं पिठलं,” ती म्हणाली. “पाव वाटी मला जास्त होते रे. तीन चमचे पुरे.”