भिंतीवरची शिंगे काय सांगत नाहीत?

जुन्या संग्रहालयांत आणि राजवाड्यांत चितळ-सांबरांच्या कवट्या भिंतीवर टांगलेल्या असतात. विद्यार्थी त्या कुतूहलाने पाहतात. मात्र अध्यापनाचे साधन म्हणून या मांडणीची परीक्षा केली, तर एक मोठी उणीव आढळते. सगळी शिंगे टणक आणि पूर्ण वाढलेली असतात; वाढत्या शिंगावरचे मखमली कातडे जवळजवळ कुठेच दिसत नाही.

ही निवड शिकाऱ्यांची आहे. त्यांना शिंगांची लांबी मोजून मिरवायची होती. विसाव्या शतकात म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी पेंढा भरून तयार केलेले प्राणी कारागिरीचे उत्तम नमुने आहेत. पण त्यांचा हेतू जीवशास्त्र शिकवण्याचा नव्हता.

सांबर-चितळाचे शिंग म्हणजे भरीव हाड. ते नरालाच येते, गळून पडते आणि पुन्हा उगवते. वाढताना त्यावर केसाळ, मऊ त्वचा असते. तिच्यात रक्तवाहिन्या आणि चेतातंतू असतात. जखम झाली तर रक्त येते. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण वाढले की हाड पक्के होते, रक्तपुरवठा थांबतो आणि सुकलेले कातडे नर झाडाझुडपांवर घासून काढतो. एवढा मोठा अवयव पुन:पुन्हा नव्याने घडवण्याचे दुसरे उदाहरण सस्तन प्राण्यांत सापडणे कठीण. नेमका हाच भाग प्रदर्शनातून गळतो.

तांत्रिक अडचण खरीच आहे. कवटी स्वच्छ करण्यासाठी ती पाण्यात कुजवतात, उकळतात किंवा मांस खाणाऱ्या भुंगेऱ्यांकडून साफ करून घेतात. तिन्ही पद्धतींत मखमल नष्ट होऊ शकते. म्हणून शिंगे पाण्याबाहेर ठेवावी लागतात, आतले रक्त काढून फॉर्मॅलिन टोचावे लागते किंवा गोठवून सुकवावे लागते. काही कारागीर कातडे काढून कृत्रिम तंतू चिकटवतात. त्याला हरकत नाही, पण तशी नोंद पाटीवर हवी. फॉर्मॅलिन घातक आहे आणि जुन्या नमुन्यांत आर्सेनिक असू शकते. त्यामुळे हा उद्योग शाळेने करू नये.

बीड जिल्ह्यातील तलवाड्यासारख्या गावच्या मुलांना ‘हरीण’ म्हटले की काळवीट किंवा चिंकारा आठवणार. त्यांची शिंगे निराळी: आत हाडाचा गाभा, बाहेर केराटिनचे पोकळ आवरण, ती गळत नाहीत आणि त्यांना मखमल नसते. मराठीत दोन्हींना ‘शिंग’च म्हणतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. यावर उपाय गावातच आहे. पोळ्याला बैलाची शिंगे वरवर साळून रंगवतात, तेव्हा रक्त का येत नाही, हे विचारावे. मेलेल्या बैलाच्या जुन्या कवटीवरून आवरण निघते, तेही दाखवावे. शेजारी चितळाच्या वाढत्या शिंगाच्या छायाचित्रांची मालिका लावावी.

रानात सापडलेले शिंग मात्र वर्गात आणू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते सरकारी मालमत्ता ठरते. ताब्यात आल्यास 48 तासांत पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. संग्रहालयांनी निदान प्रत्येक कवटीखाली शिंगाच्या वाढीचे वर्षभराचे चित्र लावावे. तेवढ्याने भिंतीवरची शिकार धड्याच्या उपयोगी पडेल.