हौशी सेनेचा सूत्रधार : ‘ऑरग्रीव्हची लढाई’ आणि सविकल्प समाधी

भूतकाळातील एखादी लढाई त्या काळच्या पेहेरावात, त्या काळच्या शस्त्रांनिशी आणि शक्य तर त्याच भूमीवर पुन्हा ‘लढून’ दाखविण्याचा छंद इंग्लंड-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांगलाच रुजला. अभ्यासक या छंदाची गणना बहुधा करमणुकीत करतात आणि त्यात रमणाऱ्यांकडे काहीशा थट्टेने पाहतात. तथापि या पुनःप्रयोगांतून उभा राहणारा एक प्रश्न कलाविचाराच्या दृष्टीने गंभीर आहे. शेकडो हौशी सैनिकांचे नेतृत्व करणाराने त्यांना कोणत्या बळावर चालवावयाचे आणि कशासाठी उत्तेजन द्यावयाचे, हा तो प्रश्न होय. खऱ्या सेनानीच्या पाठीशी वेतन, कायदा आणि शिक्षा असते. हौशी सेनेच्या सूत्रधारापाशी यांपैकी काहीच नसते. त्याचा सैनिक सुटीच्या दिवशी आपल्या हौसेने येतो आणि मनात येईल तेव्हा घरी परतू शकतो. शिवाय खरा सेनानी आपल्या माणसांना जिंकण्यासाठी उत्तेजन देतो. या सूत्रधाराला मात्र निम्म्या माणसांना हरण्यासाठी उत्तेजन द्यावे लागते. निकाल आधीच लागलेला असताना जीव ओतून हरावयास माणसे कशी तयार होतात, हे पाहण्यासारखे आहे.

जेरेमी डेलर या इंग्रज कलावंताने १७ जून २००१ रोजी दक्षिण यॉर्कशायरमध्ये घडवून आणलेला ‘ऑरग्रीव्हची लढाई’ हा प्रयोग या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. त्याचा विचार करण्यापूर्वी दोन कल्पनांची उजळणी करणे आवश्यक आहे.

पहिली कल्पना आर. जी. कॉलिंगवुडची. त्याच्या मृत्यूनंतर १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’ या ग्रंथात इतिहास म्हणजे भूतकालीन विचाराची इतिहासकाराच्या मनात होणारी पुनरावृत्ती, असे प्रतिपादन आहे. मात्र ही पुनरावृत्ती विचाराची होऊ शकते. त्या त्या क्षणी उसळलेल्या संवेदनांची व भावनांची होऊ शकत नाही, अशी मर्यादाही त्याने घातली. ही मर्यादा मान्य केली, तर लोकरी डगल्यातला घाम आणि खांद्यावरील बंदुकीचे ओझे यांतून इतिहास कळतो हा हौशी सैनिकाचा दावा फेटाळावा लागतो. तरीही एक गोष्ट उरते. रांग कोठे तुटते, चढावर धाप कोणाला लागते, मागचा माणूस पुढच्याला किती वेळ ढकलू शकतो, या गोष्टी केवळ कागदपत्रांवरून उलगडतातच असे नाही. म्हणजे देहाची साक्ष अगदीच टाकाऊ नव्हे. ती कोणत्या अटीवर ग्राह्य धरावयाची एवढाच प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे वळताना मराठी वाचकाला न. चिं. केळकरांच्या ‘सविकल्प समाधी’ची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. वाङ्मयानंदाची उपपत्ती सांगताना केळकरांनी असे दाखविले की, वाचक दुसऱ्याच्या अनुभवाशी तद्रूप होतो, पण आपण आपणच आहोत हे भान सोडीत नाही. केळकरांचा वाचक आपल्या जागी स्वस्थ बसलेला असतो. हौशी सैनिकाच्या हातात भाला असतो. वाचकाचे भान सुटले तर फार तर रसाचा बिघाड होईल. सैनिकाचे सुटले तर समोरच्याचे डोके फुटेल. उलट समाधी मुळीच लागली नाही, तर उरतो तो पोशाखी मिरवणुकीचा देखावा. म्हणून समाधी लावणे आणि विकल्प जागता ठेवणे ही दोन्ही कामे येथे एकट्या प्रेक्षकाच्या मनावर सोपवून चालत नाही. ती सूत्रधाराला बाहेरून करावी लागतात. हौशी सेनेच्या नेतृत्वाची कला ती हीच.

या कलेची एक परंपरा इंग्लंडात होती. ब्रिगेडियर पीटर यंग हे दुसऱ्या महायुद्धात कमांडो पथकांतून लढलेले, पुढे सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात युद्धेतिहास शिकविणारे आणि १६४२ च्या एजहिल येथील लढाईवर ग्रंथ लिहिणारे गृहस्थ. त्यांनी १९६८ मध्ये ‘सील्ड नॉट’ ही संस्था स्थापन केली. राजा विरुद्ध पार्लमेंट या सतराव्या शतकातील यादवी युद्धाचे प्रसंग ती सादर करते. राजपक्ष व पार्लमेंटपक्ष असे तिचे दोन भाग असून त्यांत पलटणी आहेत, हुद्दे आहेत, कवायत आहे. बंदुकीत दारू असते, गोळी नसते. ही सारी व्यवस्था वरवर पाहता पोरखेळ वाटते. वस्तुतः तिच्यात मोठे शहाणपण आहे. माणूस एकदा एखाद्या पलटणीचा झाला की जय-पराजयाचा प्रश्न दुय्यम ठरतो. आपली रांग नीट राहिली की नाही आणि शेजाऱ्याने आपल्यावर टाकलेला विश्वास पाळला की नाही, याच गोष्टींचा त्याला अभिमान वाटू लागतो. हरणाराला उत्तेजन देण्याचा मार्ग हाच. ‘तुम्ही जिंकल्यासारखेच आहात’ अशी खोटी समजूत काढण्यापेक्षा ‘तुमच्यावाचून ही लढाई उभीच राहणार नाही’ हे त्याला पटवून देणे अधिक परिणामकारक ठरते.

या परंपरेला एक सोयही लाभली होती. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या जखमा कोणाच्याच अंगावर उरलेल्या नव्हत्या. जेथे जखम पुरती भरलेली नसते तेथे केवळ कवायत अपुरी पडते, याचे प्रत्यंतर अमेरिकेत आले. तेथील यादवी युद्धाच्या शताब्दीनिमित्त जुलै १९६१ मध्ये मॅनॅसस येथे पहिल्या मोठ्या लढाईचा पुनःप्रयोग झाला. त्याला गर्दी लोटली; परंतु ज्या युद्धाच्या मुळाशी गुलामगिरीचा प्रश्न होता, त्याची जत्रा करण्यात आली अशी टीकाही झाली. पुढे तेथील नॅशनल पार्क सर्व्हिसने आपल्या ताब्यातील रणभूमींवर अशा लढाया भरविण्यास बंदी केली. मॅनॅससला शिस्तीची उणीव होती असे नव्हे. तेथे विकल्प पुरेपूर होता. उणीव होती ती समाधीची.

ऑरग्रीव्ह येथे अडचण दुहेरी होती. मार्च १९८४ ते मार्च १९८५ या काळातील खाणकामगारांच्या संपात, १८ जून १९८४ रोजी, ऑरग्रीव्हच्या कोक कारखान्यासमोर हजारो कामगार आणि हजारो पोलीस समोरासमोर आले. घोडेस्वार पोलीस आणि त्यांच्यामागे आखूड ढाली घेतलेल्या तुकड्या कामगारांवर धावून गेल्या. पाठलाग गावाच्या रस्त्यांपर्यंत पोहोचला. दंगा व तत्सम आरोपांखाली ९५ कामगारांवर खटले भरण्यात आले, पण पोलिसांचा पुरावा न टिकल्यामुळे ते १९८५ मध्ये कोसळले. १९९१ मध्ये दक्षिण यॉर्कशायरच्या पोलीस दलाने ३९ जणांना ४,२५,००० पौंड भरपाई दिली. त्या दिवशीच्या बी. बी. सी.च्या बातम्यांत दगडफेक आधी आणि घोडदळाची चाल नंतर अशा क्रमाने चित्रे दाखविली गेली होती. हा क्रम उलटा लागल्याचे त्या संस्थेने पुढे मान्य केले व ती अनवधानाने घडलेली चूक होती असे म्हटले. म्हणजे डेलरने निवडलेली लढाई अवघी सतरा वर्षांपूर्वीची, न्यायालयात कोसळलेली आणि पडद्यावर उलटीपालटी झालेली होती.

‘आर्टएंजल’ या संस्थेच्या आश्रयाखाली डेलरने या प्रयोगासाठी आठशेहून अधिक माणसे जमविली. त्यांपैकी बहुसंख्य निरनिराळ्या इतिहास-प्रयोग संस्थांचे सभासद होते. रोमन सैनिक किंवा सतराव्या शतकातील भालाईत होण्याची त्यांना सवय होती. दोनशेच्या घरातील माणसे मात्र माजी खाणकामगार होती, आणि त्यांतील अनेकजण १९८४ च्या त्या दिवशी प्रत्यक्ष तेथे होते. लढाईची आखणी हॉवर्ड जाइल्स यांच्याकडे सोपविण्यात आली. ऐतिहासिक स्थळांवर असे प्रयोग भरविण्याचा दीर्घ अनुभव त्यांना ‘इंग्लिश हेरिटेज’च्या सेवेत मिळाला होता.

येथे सूत्रधारासमोर उभी राहिलेली अडचण यंग यांच्या वाट्याला कधीच आली नव्हती. त्याच्या सेनेत दोन प्रकारची माणसे होती आणि त्यांचे दोष परस्परविरुद्ध होते. हौशी सैनिकांपाशी विकल्प उदंड होता, समाधी नव्हती. किंबहुना खाणकामगारांविषयी त्यांच्या मनात वर्तमानपत्रांनी रंगविलेले दंगलखोराचे चित्र होते आणि त्यांतील कित्येकांना या नव्या सोबत्यांची धास्ती वाटत होती, असे डेलरनेच नमूद केले आहे. कामगारांपाशी समाधी लावण्याची गरजच नव्हती. ती लागलेलीच होती. त्यांना भीती होती ती विकल्प सुटण्याची. ढालींची भिंत पुन्हा समोर उभी राहिल्यावर हात कोठवर उगारावयाचा, हे ज्याला त्या दिवशी मार बसला होता त्याने कसे ठरवावे? एकाच आज्ञेने या दोघांना हाकणे शक्य नव्हते. एकाला पुढे लोटावयाचे होते, दुसऱ्याला आवरावयाचे होते, आणि तरीही दोघांना एका रांगेत उभे करावयाचे होते.

या पेचातून काढलेली वाट हे या कृतीचे सर्वांत मोठे यश मानावे लागते. जाइल्स यांनी आज्ञा केली ती फक्त देहांना. कोणी कोठे उभे राहावयाचे, कोणत्या खुणेवर पुढे सरावयाचे, कोठे थांबावयाचे, या गोष्टी तालमीतून पक्क्या केल्या गेल्या. काय वाटून घ्यावयाचे याविषयी आज्ञा नव्हती. भावनेचा अधिकार ज्यांचा होता त्यांच्याकडेच तो ठेवला गेला. परिणामी नेहमीचे नाते उलटे झाले. एरवी इतिहास-प्रयोगाचा नायक हा जाणता आणि सैनिक हा शिकाऊ असतो. येथे सैनिकच साक्षीदार होता आणि नायकाला त्याच्याकडून शिकावयाचे होते. हौशी सैनिकालाही रोमन किंवा राजपक्षीय होताना कधी न भेटलेली गोष्ट भेटली : ज्याची तो भूमिका करीत होता, तो माणूस शेजारी उभा राहून त्याच्याकडे पाहत होता. या नजरेने त्याला जी समाधी लावली, ती कोणत्याही सूत्रधाराच्या उत्तेजनपर भाषणाने लागली नसती.

कामगारांच्या बाजूने विकल्प राखण्याचे काम भूमिकांच्या अदलाबदलीने केले. काही माजी कामगारांनी पोलिसांचा गणवेश चढविला, आणि त्या वेळच्या संघर्षातील काही माजी पोलीसही प्रयोगात सामील झाले होते. ही युक्ती नाटकी चमत्कृतीसाठी योजलेली आहे असा आक्षेप घेतला जाऊ शकेल. परंतु तो टिकणारा नाही. ज्याने मार खाल्ला त्याने मारणाऱ्याच्या ढालीमागे उभे राहून पाहिले, तर त्याची क्षमाबुद्धी जागी होईलच असे नाही. मात्र त्या ढालीमागून काय दिसते व काय दिसत नाही, एवढे त्याला कळते. क्षमेपेक्षा हे ज्ञान कमी मोलाचे नाही. कॉलिंगवुड ज्याला दुसऱ्याच्या विचाराची पुनरावृत्ती म्हणतो, ती ऑरग्रीव्हच्या शेतात घडली असेल तर या ठिकाणी घडली.

या यशाबरोबर कृतीचा दोषही नोंदविला पाहिजे. माइक फिगिस यांनी चॅनेल फोरसाठी या प्रयोगावर सुमारे एका तासाचा चित्रपट केला. टोनी बेन यांच्यासारख्या राजकारण्याच्या व संपात भाग घेतलेल्यांच्या मुलाखती, जुनी दृश्ये आणि प्रयोगाची दृश्ये त्यात एकमेकांत गुंफलेली आहेत. मुलाखती मोलाच्या आहेत. परंतु ज्या घटनेच्या बाबतीत चित्रांच्या क्रमावरूनच वाद झाला, तिच्या पुनःप्रयोगाला पुन्हा तुकड्यातुकड्यांनी जोडून दाखविणे हे विसंगत आहे. देहांनी घडविलेल्या प्रसंगात आधी काय आणि मागून काय हे लपविता येत नाही. घोडा आधी सुटला की दगड, हे शेतात उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसते. चित्रपटाने नेमके हेच सामर्थ्य सैल केले. प्रत्यक्ष प्रयोगाला न मुकलेला प्रेक्षक या बाबतीत अधिक भाग्यवान म्हणावा लागेल.

याहून खोल मर्यादा मात्र चित्रपटाची नव्हे, पुनःप्रयोग या प्रकाराचीच आहे. २००१ च्या शेतात प्रत्येक हालचालीमागे एक आज्ञा होती आणि ती देणारा सर्वांना दिसत होता. १९८४ च्या शेतात घोडदळ कोणाच्या शब्दावर सुटले, तो शब्द किती वरून आला, हाच तर वादाचा विषय होता. सूत्रधाराला आपल्या सेनेला हलविण्यासाठी मूळच्या आज्ञेच्या जागी स्वतःची आज्ञा ठेवावी लागते. त्यामुळे धावणारे, पडणारे आणि मारणारे पुन्हा जिवंत होतात. आज्ञा देणारा मात्र पुन्हा जिवंत होत नाही, त्याच्या जागी एक सज्जन सूत्रधार उभा असतो. हौशी सेनेचे नेतृत्व जितके समंजस, तितके हे अंतर झाकले जाण्याचा धोका अधिक. ऑरग्रीव्हच्या प्रयोगाने जे ज्ञान दिले ते देहांचे व नजरांचे ज्ञान आहे, जबाबदारीचे नव्हे.

ही मर्यादा प्रयोगकर्त्यांना उमगली नव्हती असे म्हणता येत नाही. डेलरने या विषयावरील आपल्या पुस्तकाला ‘इंग्लिश यादवी युद्ध : भाग दुसरा’ अशा अर्थाचे नाव दिले. सील्ड नॉटच्या सैनिकांना पहिला भाग तोंडपाठ होता, आणि त्याचा निकालही ठाऊक होता. दुसऱ्या भागाचा निकाल लागला आहे असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने ऑरग्रीव्ह प्रकरणाची वैधानिक चौकशी जाहीर केली. आज्ञेचा शोध घेणे हे अशा चौकशीचे काम. कलेने ते अंगावर घेऊ नये. परंतु १८ जून १९८४ रोजी पांगविल्या गेलेल्या माणसांना सतरा वर्षांनी पुन्हा त्याच गावात रांगेत उभे करणे, त्यांना पुन्हा हरावयास लावणे, आणि तरीही त्यांनी हे आपणहोऊन केले असा सन्मान त्यांच्या पदरी घालणे, हे काम मात्र कोणत्याही आयोगाला जमण्यासारखे नाही. ते सूत्रधाराचेच काम होय.