पार्श्वभूमीचा काळोख : देवयानी दीर्घिकेच्या हौशी छायाचित्रांची समीक्षा
(गोंदिया जिल्ह्याच्या आकाशाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

आपल्या आकाशगंगेच्या शेजारची सर्वांत मोठी दीर्घिका म्हणजे देवयानी दीर्घिका. ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असूनही अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांना धूसर ठिपक्यासारखी दिसते. दूरस्थ आकाशाच्या छायाचित्रणाकडे वळलेला हौशी अभ्यासक आपला पहिला दीर्घ प्रयत्न बहुधा तिच्यावरच करतो. त्यामुळे तिची छायाचित्रे विपुल आहेत. त्यांच्याविषयीचे बोलणे मात्र ‘सुंदर’ आणि ‘अद्भुत’ या दोन विशेषणांपुढे क्वचितच जाते. कवितेच्या एका ओळीवर पानेच्या पाने लिहिणाऱ्या अभ्यासकवर्गाला अशा छायाचित्राचे परीक्षण कोणत्या निकषांवर करावे, हा प्रश्न सहसा पडलेला नाही.

प्रस्तुत लेखात हे निकष शोधण्याचा प्रयत्न केला आहे. देवयानीच्या हौशी छायाचित्राचा कस तिच्या सर्पिल भुजांच्या रंगांपेक्षा तिच्या भोवतालच्या काळोखाला छायाचित्रकाराने कसे वागवले यावर अधिक लागतो, असे येथे प्रतिपादन केले आहे. त्यासाठी गोंदिया जिल्ह्याचे आकाश उदाहरणादाखल घेतले आहे. कारण काळोख ही या जिल्ह्याकडे अद्याप शिल्लक असलेली संपत्ती आहे.

नावाची गोष्ट

ग्रीक पुराणकथेतील अँड्रोमेडा, तिची आई कॅसिओपिया, पिता सेफियस आणि तिला सोडवणारा पर्सियस यांच्या तारकासमूहांना मराठीत अनुक्रमे देवयानी, शर्मिष्ठा, वृषपर्वा व ययाती ही नावे रूढ झाली. नाती जुळवून पाहिली तर हे रूपांतर सदोष ठरते. महाभारताच्या आदिपर्वातील देवयानी ही वृषपर्व्याची कन्या नसून त्याच्या गुरूची, शुक्राचार्यांची कन्या आहे. आणि शर्मिष्ठा तिची माता नसून प्रतिस्पर्धी आहे. तरीही एक दुवा पक्का आहे. संकटातून सोडवणूक दोन्ही कथांत आहे. शर्मिष्ठेने विहिरीत ढकललेल्या देवयानीला ययातीने हात देऊन वर काढले. आकाशात ही दीर्घिका शोधताना निरीक्षक शर्मिष्ठेच्या ‘एम’ अक्षरासारख्या आकृतीतील टोकदार अर्ध्या भागाचा बाण धरून पुढे जातो. म्हणजे कथेत जिने देवयानीला अंधारात लोटले, तीच आकाशात तिच्याकडे बोट दाखवते. अंधाऱ्या विहिरीतून थोडे थोडे करून काही वर काढणे, हे दूरस्थ आकाशाच्या छायाचित्रणाचे वर्णन म्हणूनही शोभण्यासारखे आहे.

गोंदियाचे आकाश

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. जिल्हा मुख्यालयाचे अक्षांश सुमारे साडेएकवीस अंश उत्तर आहे. देवयानी दीर्घिका खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे ४१ अंशांवर असल्याने ती येथे मध्यमंडलावर येते तेव्हा उत्तर क्षितिजापासून जवळजवळ ७० अंश उंच असते. वातावरणाचा जाड, गढूळ थर त्यामुळे बराचसा टळतो. याउलट, ज्या ध्रुवताऱ्याच्या आधाराने दुर्बिणीचा फिरता आधार जुळवावा लागतो, तो मात्र जेमतेम साडेएकवीस अंशांवर, म्हणजे बहुतेक वेळा झाडांच्या शेंड्यांत किंवा क्षितिजाजवळच्या धुरकटात अडकलेला असतो. युरोपातील निरीक्षकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत ही अडचण आढळत नाही, कारण तेथे ध्रुव चांगला उंच असतो.

ऋतूंचा हिशोबही असाच गुंतागुंतीचा आहे. ऑक्टोबरच्या आरंभी देवयानी मध्यरात्री मध्यमंडलावर येते, नोव्हेंबरच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास. पावसाळा संपून आकाश धुतले गेलेले असते ते याच काळात. परंतु हाच धानकापणीचा हंगाम असतो. बांध्यांतील ओल आणि माजी मालगुजारी तलावांचे पाणी यांमुळे रात्री दव इतके पडते की तासाभरात भिंगावर पाणी साचते. भिंगाभोवती गरम पट्टी नसेल तर पुढची सारी चित्रे फुकट जातात. चंद्रप्रकाश टाळायचा तर अमावास्या हवी, आणि या हंगामातील सर्वांत सोयीची अमावास्या नेमकी लक्ष्मीपूजनाची निघते! त्या रात्री देवयानी नऊ ते अकराच्या दरम्यान डोक्यावर असते आणि खाली दिव्यांची आरास व फटाक्यांचा धूर असतो.

हे सर्व सांगण्याचे प्रयोजन असे की, येथून घेतलेल्या प्रत्येक छायाचित्रात हा सारा भूगोल उतरलेला असतो. प्रश्न तो चित्रात राहू दिला जातो की पुसला जातो, हा आहे.

छायाचित्र कसे घडते

आकाश फिरत असल्याने २०० मिलिमीटरच्या भिंगाने, स्थिर तिपाईवरून, दोन-अडीच सेकंदांपलीकडे उघडीप दिली की तारे रेघांसारखे ओढले जातात. म्हणून आकाशाच्या गतीने फिरणारा आधार वापरून तीस सेकंद, एक मिनिट अशा अनेक उघडीपी घेतल्या जातात आणि संगणकावर त्या एकावर एक रचल्या जातात. या रचनेस ‘स्टॅकिंग’ म्हणतात. दीर्घिकेचा प्रकाश प्रत्येक चित्रात त्याच जागी पडतो. संवेदकाचा खरखरीतपणा मात्र दरवेळी निराळा असतो. त्यामुळे चित्रांची संख्या चौपट केली की प्रकाशाच्या तुलनेत खरखर निम्म्यावर येते. शंभर चित्रांनी ती दशांशावर येते. याखेरीज भिंगावर झाकण ठेवून घेतलेली काळी चित्रे संवेदकाचे दोष वजा करण्यासाठी, तर एकसारख्या उजळ पृष्ठाची चित्रे कडांवरचा काळपटपणा व धुळीचे डाग काढण्यासाठी लागतात.

एवढे झाल्यावरही पडद्यावर जे दिसते ते जवळजवळ काळेच असते. मंद प्रकाशाच्या छटा ताणून दृश्य केल्या जातात, आणि व्याख्येचे काम येथून सुरू होते. किती ताणावे, कोठे थांबावे, कोणता रंग किती गडद करावा, हे निर्णय छायाचित्रकाराचे असतात. छायाचित्र ‘काढले’ जाते असे म्हणण्याची पद्धत असली तरी या प्रकारात ते निम्मे संपादित होते. पाठभेद पडताळून संहिता सिद्ध करणाऱ्या संपादकाच्या कामाशी त्याचे नाते जवळचे आहे. म्हणून संपादकाला लागू असलेली शिस्त येथेही अपेक्षिणे गैर ठरू नये.

काळोखाचे वाचन

देवयानीच्या छायाचित्रांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप रंगांबद्दलचा असतो : डोळ्यांना राखाडी दिसणारी वस्तू निळी-सोनेरी कशी? हा आक्षेप अर्धाच खरा आहे. भुजांमधील तरुण, उष्ण ताऱ्यांमुळे येणारी निळसर छटा, गाभ्यातील जुन्या ताऱ्यांमुळे येणारा पिवळेपणा आणि हायड्रोजनच्या मेघांचे गुलाबी ठिपके यांना भौतिक आधार आहे. मंद प्रकाशात मानवी डोळा रंग ओळखत नाही, हा डोळ्याचा दोष आहे. जांभळ्या भुजा मात्र बहुतेक वेळा दीर्घिकेपेक्षा छायाचित्रकाराच्या हौसेविषयी अधिक सांगतात.

अधिक गंभीर दोष पार्श्वभूमीत असतो आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दीर्घिका उठून दिसावी म्हणून तिच्या भोवतालचे आकाश पूर्ण काळे केले जाते. गावाच्या दिव्यांची एका कोपऱ्यातील पिवळट झाक काढून टाकण्यासाठी संगणकीय साधने वापरली जातात, आणि ही साधने दिव्यांची झाक व आकाशातील अत्यंत मंद, पसरलेला प्रकाश यांत नेहमीच भेद करू शकत नाहीत. देवयानीची तबकडी आकाशात तीन अंशांहून अधिक, म्हणजे पूर्णचंद्राच्या सहापट रुंदीची पसरलेली आहे. तिची बाहेरची कड क्रमाक्रमाने विरत जाते. काळोख दाबला की ही कड कापली जाते आणि दीर्घिका मखमलीवर ठेवलेल्या दागिन्यासारखी दिसू लागते. चित्र देखणे होते, पण त्यातील माहिती कमी होते.

हा केवळ तात्त्विक आक्षेप नाही, याचे उत्तम प्रमाण २०२२ मध्ये मिळाले. यान सेंटी, झाव्हिए श्ट्रॉटनर आणि मार्सेल ड्रेक्सलर या हौशी छायाचित्रकारांना देवयानीच्या आग्नेयेस, तिच्या गाभ्यापासून सुमारे सव्वा अंशावर, ऑक्सिजनच्या प्रकाशात दीड अंश लांबीची एक मंद कमान आढळली. साधन होते सुमारे १० सेंटीमीटर व्यासाची दुर्बीण, एक विशिष्ट गाळणी आणि अनेक रात्रींची उघडीप. शंभराहून अधिक वर्षे छायाचित्रित होत असलेल्या या आकाशखंडात ही कमान कोणी नोंदवली नव्हती. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांसह लिहिलेले टिपण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्या छायाचित्राला ग्रिनिच येथील वेधशाळेच्या खगोलछायाचित्रण स्पर्धेत सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ती कमान देवयानीशी निगडित आहे की आपल्याच आकाशगंगेतील वायूची आहे, याविषयी मतभेद झाले. पुढील अभ्यासांचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. परंतु समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच : ती कमान अशा जागी होती, जी इतर छायाचित्रांत ‘रिकामी पार्श्वभूमी’ म्हणून काळी केली जाते. शिवाय ती भिंगातील परावर्तनाचा दोष नाही, हे ठरवण्यासाठी इतरांनी इतर ठिकाणांहून, इतर दुर्बिणींनी घेतलेली चित्रे पाहावी लागली. उघडीपींची व उपकरणांची नोंदच नसती तर अशी पडताळणी शक्य झाली नसती.

इतिहासातही याला आधार सापडतो. आयझॅक रॉबर्ट्स या व्यवसायाने बांधकाम कंत्राटदार असलेल्या हौशी निरीक्षकाने २० इंची परावर्ती दुर्बिणीने डिसेंबर १८८८ मध्ये देवयानीचे जे छायाचित्र घेतले, त्यात तिची सर्पिल रचना प्रथमच स्पष्ट झाली. तिचा अर्थ मात्र घडत असलेली सूर्यमाला असा लावला गेला. अर्थ चुकला, पण चित्र प्रामाणिक असल्याने ते टिकले. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांनी माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने घेतलेल्या काचपट्टीवर नवताऱ्याची ‘एन’ ही खूण खोडून तेथे चल तारा अशा अर्थाची खूण उद्गारचिन्हासह लिहिली. त्या ताऱ्यावरून देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे ठरले. त्या काचपट्टीला सुंदर कोणी म्हणणार नाही. तिच्यावरील खाडाखोड हेच तिचे मोल आहे.

स्थानाचा लोप

महाराष्ट्रात हौशी खगोल-अभ्यासाची परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून कार्यरत आहे. मुंबईच्या खगोल मंडळाने रात्रभराच्या आकाशदर्शनाची सवय अनेकांना लावली. पूर्व विदर्भाचे आकाश निरीक्षणासाठी अधिक अनुकूल असूनही या भागात त्या तोडीची घडी बसलेली दिसत नाही. येथील आकाशाविषयी वेगळे ज्ञान मात्र आहे. मयंक वाहिया व गणेश हलकारे यांनी विदर्भातील गोंड समाजाच्या आकाशविषयक संकल्पनांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सप्तर्षींमध्ये बाज आणि तिच्याजवळचे चोर, मृगात नांगर पाहणारी दृष्टी नोंदवलेली आहे. हे आकाश शेतावरून पाहिलेले आहे. ते कोठून पाहिले हे त्याच्या नावांतच लिहिलेले आहे.

देवयानीचे ठरावीक साच्याचे छायाचित्र याच्या विरुद्ध टोकाला आहे. ते ॲरिझोनातून घेतले की अर्जुनी मोरगावातून, हे त्यावरून कळत नाही आणि कळू नये अशीच त्याची घडण केलेली असते. अलीकडच्या स्वयंचलित दुर्बिणींनी ही प्रक्रिया आणखी सोपी केली आहे. दीर्घिका शोधणे, चित्रे रचणे, छटा ताणणे सारे यंत्रच करते. शिकाऊ विद्यार्थ्याला आकाशाची गोडी लावण्यास ही साधने उपयुक्त आहेत, याबद्दल दुमत नाही. मात्र निर्णय यंत्राने घेतले असतील तर तसे चित्राखाली लिहिलेले असावे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली खरखर काढणारी साधने तर जेथे माहिती नाही तेथेही पोत निर्माण करू शकतात. संहितेत नसलेला शब्द घालणाऱ्या संपादकाला जे म्हटले जाते, तेच येथेही म्हणावे लागेल.

नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी यांसारख्या गावांतील दिव्यांचे प्रकाश खाली वळवण्यात आले. नवेगाव-नागझिराच्या परिसरातही काळोख आहे. पण गावोगावी लागणाऱ्या पांढऱ्या पथदिव्यांपुढे तो किती टिकतो हे पाहावे लागेल. येथे प्रामाणिक छायाचित्राला एक नागरी उपयोगही प्राप्त होतो. एकाच जागेवरून, एकाच भिंगाने, तेवढ्याच उघडीपीने दरवर्षी घेतलेल्या आणि पार्श्वभूमी न पुसलेल्या चित्रांत आकाश किती उजळले याची नोंद आपोआप होत जाते. हीच झाक ‘दोष’ म्हणून काढून टाकली की पुरावाही जातो.

तेव्हा परीक्षकाने अशा चित्रासमोर प्रथम दीर्घिकेकडे न पाहता कोपऱ्यांकडे पाहावे. तेथे निखळ काळा रंग असेल तर शंका घ्यावी. त्यानंतर चित्राखालील ओळ वाचावी : गाव, तारीख, भिंग, एका उघडीपीचा काळ, एकूण उघडीपी, आणि काय वजा केले व काय वाढवले याचा उल्लेख. मूळ कच्च्या चित्रांचा संच जपून ठेवला आहे काय, हेही विचारावे. या कसोटीवर तिपाईवरून साध्या कॅमेऱ्याने घेतलेले, दाणेदार, एका बाजूस तिरोड्याच्या दिव्यांची झाक असलेले चित्र पारितोषिकयोग्य ठरू शकते. आणि कोणत्याही दिनदर्शिकेवर शोभेल असे चित्र नामंजूर होऊ शकते.

महाविद्यालयांतील विज्ञान दिनाच्या प्रदर्शनांत देवयानीचे चित्र हमखास असते. ते बहुधा कोठून तरी उतरवून घेतलेले, तपशिलाविना असते. २८ फेब्रुवारीच्या संध्याकाळी खुद्द देवयानी गोंदियाच्या वायव्य आकाशात कललेली असते आणि रात्री साडेनऊच्या सुमारास मावळते. प्रदर्शनाचे दालन मात्र तोवर बंद झालेले असते.